फुंकर मारलेला सांधा

मित्रांनो, मी डोंगरकडा गावातल्या एका घरातली, तारा जोडणारी सोल्डरिंग गन. पंचवीस वॅटची, टोक जळकं, दांडा दोन ठिकाणी वितळलेला. माझ्या हातून एक पाप झालंय, तेच सांगते.

माझा मालक प्रेमानंद शाळेत कारकून. सुट्टी आली की सर्किट बोर्ड घेऊन बसायचा त्याला भारी नाद. हिंगोलीच्या दुकानातून त्याने मला आणलं तेव्हा मी काय झळकत होते! जुने रेडिओ, दिव्यांच्या माळा, सगळं मी जोडून दिलं. गल्ली त्याला 'इंजिनेर' म्हणायची. माझं टोक ओल्या स्पंजवर पुसावं, एवढीसुद्धा माया त्याला नव्हती.

त्याचे वडील जळबा म्हातारपणी सगळं विसरू लागले होते. दार उघडलं की थेट मोठ्या रस्त्याकडे निघायचे. म्हणून सून ऐश्वर्या दिवसभर दारातच बसून गहू निवडायची, भाजी चिरायची. तिची तकलीफ पाहून प्रेमानंदने दार उघडताच वाजणारा, बॅटरीवरचा बझर करायला घेतला.

शेवटची तार जोडताना लाईट जायची वेळ झाली होती. तार चिकटवणारा वितळलेला धातू, म्हणजे सोल्डर, आपोआप निवायला हवं, मित्रांनो. तोवर तार हलता कामा नये. पण याला कसली घाई! गरम चहावर मारावी तशी त्याने फुंकर मारली. सांधा वरून धरला, आतून कच्चाच राहिला. मला कळलं होतं, पण माझं ऐकतं कोण?

बझर खणखणीत वाजला. कितीतरी महिन्यांनी ऐश्वर्या दारातून उठली आणि मागे नळाखाली निवांत धुणं धुऊ लागली.

दार आपटून आपटून नवव्या दिवशी तार सुटली. भरदुपारी जळबा बाहेर पडले. बझर गप्पच. मोठ्या रस्त्यावर ट्रकने त्यांना उडवलं. जागीच गेले.

दुसऱ्या दिवशी, रडारडीत बझरकडे कुणाचं लक्ष नसताना, प्रेमानंदने एकट्याने त्याची डबी उघडली. नख लागताच तार हातात आली. मग त्याने मला तापवलं. मला वाटलं, आता रडेल, सगळ्यांना सांगेल. छे! त्याने तो सांधा गुपचूप पक्का केला, डबी लावली आणि घरच्यांना बोलावून दार उघडून दाखवलं. बझर वाजला.

"मशीन तर बराबर हाय," तो म्हणाला.

ऐश्वर्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती सासूकडे वळली. "मंग मलाच काहून ऐकू आलं न्हाई, आई? नळ चालू व्हता म्हून का?"

सासू पद्माबाईंनी तोंड फिरवलं. प्रेमानंदने मला उचलून फळीवर ठेवलं.

तेव्हापासून मी फळीवर धूळ खात पडले आहे. मित्रांनो, माझं टोक पुसत जा. सांधा निवेपर्यंत हात आवरा, तार ओढून बघा. एवढं करूनही चूक झालीच, तर ती तोंडाने सांगा. मला हाताशी धरून झाकू नका. ती बाई अजून धुता धुता मधेच नळ बंद करते आणि दाराकडे कान देऊन बसते.