रुखवतातली वाफेची इस्त्री

मी इस्त्री बोलतेय. मुठीत मावणारी साधी इस्त्री नव्हे मी. माझं पोट वेगळं आणि तोंड वेगळं. खाली पाण्याची टाकी, तिच्यालगत वाफ कोंडणारी हंडी, हंडीतून निघालेली हातभर लांब नळी आणि नळीच्या टोकाला माझा तवा. इतकी जागा अडवते, म्हणून मला घेण्याआधी माणसं चार वेळा विचार करतात. करावाच.

तुर्कस्तानातल्या इस्पार्ताच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर मी अकरा आठवडे बसून होते. गावात लग्नसराई आली की आमच्यासमोर गर्दी होते, कारण मुलीच्या रुखवतात वाफेची इस्त्री नसली तर लोक मुलीच्या आईला नावं ठेवतात. निहानचं लग्न ठरलं होतं, पण तिला आई नव्हती. आई शुक्रान सहा वर्षांपूर्वीच गेली होती. म्हणून इस्त्री निवडायला तिचे वडील आले. मुहर्रेम त्यांचं नाव, नगरपालिकेची बस चालवून निवृत्त झालेले. सोबत त्यांची धाकटी बहीण सब्रिये.

सब्रियेने आल्या आल्या सगळ्यांत मोठ्या इस्त्रीवर हात ठेवला. "दादा, हीच. बघ कशी राणीसारखी बसलीय."

"राणीला उचलून तर बघू दे," मुहर्रेम म्हणाले.

दुकानदार वाफेच्या दाबाचे आकडे सांगू लागला. मुहर्रेमनी शांतपणे ऐकून घेतले, मग खिशातून चुरगळलेला लिननचा रुमाल काढला. तो त्यांनी घरून मुद्दाम ओलसर करून आणला होता. एकेक इस्त्री ते त्याच्यावर फिरवून बघायचे, आणि तेही डाव्या हाताने.

"दादा, तू डावरा कधीपासून झालास?"

"मी नाही. निहान आहे, तिच्या आईसारखी."

बाकीच्या इस्त्र्यांची नळी उजव्या अंगाला होती, ती कापडावरून फरफटत जायची. माझी मागून निघते आणि हात वळेल तशी वळते. शिवाय गार व्हायची वाट न बघता माझी टाकी भरता येते. ते सगळं पाहून त्यांनी मला पाच मिनिटं नुसतंच हातात धरून ठेवलं. मनगट दुखतंय का, ते बघत असावेत.

"ही द्या."

"अरे, रंग तरी बघ! चुलीतल्या राखेसारखा. विहीणबाई काय म्हणतील?"

"विहीणबाईंना रंगाला इस्त्री करायची नाहीये, सब्रिये."

अशी मी त्यांच्या घरी आले. मे महिना होता. पहाटे गुलाबांच्या मळ्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांचा आवाज यायचा आणि गावभर गुलाबपाण्याच्या भट्ट्यांचा वास असायचा.

गुरुवारी रुखवताची पेटी उघडली. शुक्रान गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. चादरी, टॉवेल, क्रोशाचे रुमाल आणि तळाशी टेबलावर अंथरायचा लिननचा मोठा मेजपोस. शुक्रानने तीन हिवाळे बसून पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेला. घड्यांच्या रेघा त्याच्यात हाडासारख्या बसल्या होत्या. रविवारी मुलाकडच्या बायका रुखवत बघायला येणार होत्या, आणि त्यांनी शुक्रानला कधी पाहिलं नव्हतं.

मुहर्रेमनी बाह्या सरसावल्या. सब्रियेने त्यांना अडवलं.

"तू चहाच्या दुकानात जा बघू. रुखवताला पुरुष इस्त्री करतोय म्हटलं तर गाव हसेल."

"माझे शर्ट सहा वर्षं कोण करतंय?"

"शर्ट वेगळे. ऊठ."

ते गेले. सब्रियेने टाकी काढली आणि घरच्या तांब्याच्या भट्टीत काढलेल्या गुलाबपाण्याची अख्खी बाटली माझ्यात ओतली. वाईट हेतू मुळीच नव्हता. आमच्या गावात पाहुण्याच्या तळहातावर, खिरीत, मयताच्या घरी, सगळीकडे गुलाबपाणी चालतं. इस्त्रीत का नाही, असं तिला वाटलं. पण घरच्या गुलाबपाण्यात तेल असतं, पाकळ्यांचा गाळ असतो. माझ्या पोटात तो जळू लागला. मला ओरडता येत नाही. मी फक्त गुरगुरले, मग खोकले, आणि मेजपोसाच्या मधोमध तीन तपकिरी डाग पडले.

मुहर्रेम परतले तेव्हा सब्रिये जमिनीवर बसली होती.

"दादा, दोन शिव्या दे, पण बोल काहीतरी."

"किती ओतलंस?"

"सगळं. वहिनीच्या हातची वस्तू, तिला वास नको का?"

त्यांनी चष्मा लावला आणि माझ्यासोबत आलेली पुस्तिका दोनदा वाचली. मला दोन तास गार होऊ दिलं. मग माझ्या बुडाचं फिरकीचं झाकण उघडलं आणि पाणी भरून ओतलं, भरून ओतलं. सातव्या वेळी वास गेला. मेजपोस त्यांनी थंड पाण्यात साबणाने धुतला, डागांवर लिंबू चोळलं आणि शुक्रवारी उन्हात पसरला. दोन डाग गेले. तिसरा फिक्या चहासारखा उरला.

निहान दवाखान्यातली ड्युटी संपवून आली. नर्स आहे ती. डाग बघून म्हणाली, "बाबा, नसेल जात तर राहू द्या. हे आईचं आहे, मला ठाऊक आहे ना."

"तुला आहे गं. रविवारी येणाऱ्यांना तिची एवढी एकच ओळख होणार आहे."

शनिवारी पुन्हा लिंबू, पुन्हा ऊन. संध्याकाळी त्यांनी जाड टॉवेल अंथरला, मेजपोस ओलसर असतानाच पालथा घातला आणि मला हातात घेतलं. रगडलं नाही. वाफ सोडायची, थांबायचं, पुढे सरकायचं. घडीच्या रेघा एकेक करून सुटल्या. उलटून बघितलं तर भरतकाम उठून उभं होतं. सब्रिये दारात उभी राहून बघत होती. या वेळी तिने अडवलं नाही.

रविवारी दिवाणखाना बायकांनी भरला. विहीणबाई म्हणजे मुयेस्सर हानम; मानाने बोलवायचं तर आमच्याकडे बाईंना हानम म्हणतात. त्यांनी सगळ्या वस्तूंवरून नजर फिरवली आणि मेजपोसापाशी थांबल्या.

"इस्त्री कुणी केली? टाका एकही दबला नाही."

सब्रियेने पदराशी चाळा करावा तसा रुमाल चुरगळला आणि म्हणाली, "आमच्या दादाने. मी तर डाग पाडून ठेवले होते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मुयेस्सर हानम हसल्या नाहीत. त्या वाकल्या, डाग शोधले, त्यांना सापडले नाहीत. मग जाणत्या बायका करतात तसं त्यांनी कोपरा उलटून मागची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली.

"गाठ कुठेच नाही," त्या म्हणाल्या. मग दारापाशी अवघडून उभ्या असलेल्या मुहर्रेमकडे वळल्या. "बसा ना, व्याहीबुवा. कशी होती हो ही बाई?"

मुहर्रेम बसले. आधी घसा खाकरला, मग सांगायला लागले. ग्लासांतला चहा गार झाला, तो दुसऱ्यांदा करावा लागला, तरी ते सांगतच होते.

आता मी अंताल्याला निहानच्या घरी असते. इथलं पाणी जड आहे. दर महिन्याला ती माझं पोट धुते, वडिलांनी शिकवलं तसं. माझी काही तक्रार नाही. तुम्ही माझ्यासारखीला निवडायला जाल तेव्हा आकडे ऐका, रंगही बघा, पण ज्याच्या हाती ती पडणार, त्याचा हात आधी आठवा. एवढंच मागणं आहे.

कालच आत्याचा फोन आला होता. निहानने आवाज मोठा ठेवला होता म्हणून मलाही ऐकू आला.

"तुझा बाप घरी सापडत नाही हल्ली. मुयेस्सर हानमच्या बहिणीला इस्त्री घ्यायचीय, तिच्या शेजारणीलाही. दोघी त्याला बाजारात घेऊन गेल्यात."

"मग येईल तासाभरात."

"तासाभरात? खिशात ओले रुमाल घेऊन गेलाय गं. तीन घेऊन गेलाय."