वर्गाची हवा आणि आमच्या वन्सं

शेजारच्या वर्गावर कुणीही शिकवावं, पण नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने शिकवू नये. आमच्या वन्सं शिकवतात. घरी माझ्या भाजीत वरून मीठ घालतात आणि शाळेत माझ्या फळ्यावरचं अक्षर बघून नाक मुरडतात. सुट्टी अशी मला कुठेच नाही.

त्यात मुख्याध्यापकांनी बाँब टाकला. म्हणे वर्गांतली हवा तपासायला एक बाई येणार. त्यांच्या यंत्राचा लाल दिवा ज्या वर्गात लागेल, तो वर्ग दुरुस्तीसाठी वर्षभर बंद. त्या वर्गाची मुलं शेजारच्या वर्गात बसणार आणि त्यांच्या बाई शेजारच्या बाईंच्या हाताखाली!

आणि माझ्या शेजारचा वर्ग कुणाचा? वन्संचा!

"आमच्यात मागच्या बाकाजवळ जागा आहे गं," वन्सं चहा फुंकत म्हणाल्या. "तुझी खुर्ची मावेल."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मरेन, पण त्या खुर्चीत बसणार नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि पदर खोचला.

हवा कशाने बिघडते ते तपासणीच्या बाईंनी आधी कळवलं होतंच. नवं पॉलिश, रंग, गोंद, फरशी पुसायचं उग्र औषध, सुगंधी फवारे. या सगळ्यांतून डोळ्यांना न दिसणारे वायू निघतात, बंद खोलीत साचतात आणि मुलांची डोकी दुखतात. मी म्हटलं, ठीक आहे, बघतेच आता! पॉलिश केलेलं कपाट ढकलत व्हरांड्यात नेलं. मार्कर बाहेर, गोंदाच्या बाटल्या बाहेर. फरशी साध्या पाण्याने पुसली. एकीचं स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर जप्त केलं तर ती भोकाड पसरून रडली. रडू दे! खिडक्या सताड उघडल्या.

"बाई, थंडी वाजतेय."

"वाजू दे. गप्प बसा आणि शुद्ध हवा घ्या."

तपासणीचा दिवस उजाडला. तपासणीच्या बाई आल्या, यंत्र टेबलावर ठेवलं आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. हिरवा! मुलांनी टाळ्या पिटल्या. मी ऐटीत टेबलाशी जाऊन उभी राहिले, आणि मेलं ते यंत्र लाल झालं.

"अहो, हे बिघडलंय!" मी ओरडले.

"यंत्र ठीक आहे," बाई म्हणाल्या. "काहीतरी राहिलंय."

मग काय, शोधाशोध. नकाशे बाहेर गेले, दप्तरं बाहेर गेली, मुलंही गेली. लाल. मुख्याध्यापकांच्या डोक्याला तेल होतं म्हणून त्यांनाही बाहेर काढलं, तरी लाल! रिकाम्या वर्गात आता यंत्र, तपासणीच्या बाई आणि मी. दारातून सगळी शाळा डोकावत होती.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "जरा तुम्ही बाहेर जाता का?"

मी गेले. थोड्या वेळाने हिरवा लागला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तपासणी म्हणून मी नटून आले होते ना! ड्रायक्लीनिंगहून सकाळीच आणलेला कोट, ताजं नेलपॉलिश, केसांवर स्प्रे, वर अत्तर. वर्गातला एकूण एक वायू हाकलला आणि उरलेला मीच अंगावर घालून आले.

"वर्ग चांगला आहे," बाई हसू दाबत म्हणाल्या. "पण शिक्षिका आत असतानाच आकडा घ्यावा लागतो. शेजारचा वर्ग तपासून येते. तोवर काय ते करा."

मी रडकुंडीला आले. तेवढ्यात दंडाला हिसका बसला. वन्सं! त्यांनी मला फरफटत नळावर नेलं, कोट ओढून काढला, डोकं नळाखाली धरलं आणि अंगाच्या साबणाने खसाखसा चोळलं. मुलं हजेरीला असल्यासारखी रांगेत उभी राहून बघत होती.

"वन्सं, नखं?"

"ते पुसायचं औषध आणखी वाईट. हातमोजे घाल!"

त्यांच्या खेळाच्या तासाच्या ढगळ विजारीत, लोकरी हातमोज्यांत, डोक्यावरून पाणी गळत मी टेबलाशी उभी राहिले. हिरवा. राहिला हिरवाच! तपासणीच्या बाईंनी सही केली आणि माझा वर्ग माझा राहिला.

मला भरून आलं. इतक्या वर्षांत या बाईने माझ्यासाठी कधी असं काही केलं नव्हतं.

"वन्सं, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले डोंबलाचे?" वन्सं पिळलेला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकत म्हणाल्या. "दिवसभर तू माझ्या वर्गात बसणार या धास्तीने माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. घरी बघते तेवढी पुरे की!"