रस्सा वाहणारा, सूर्य बाळगणारा कॅन

मित्रांनो, मी दुधाचा एक जुना कॅन आहे. पण माझ्यात दूध पाहिलेले माणूस आता शोधूनही सापडायचे नाही. माझ्या अंगावर जांभळी फुले, हिरवे मासे आणि एक तिरळी मांजर रंगवलेली आहे. सॅन फ्रान्सिस्कोत हेट रस्त्यावर जुन्या कपड्यांचे एक दुकान आहे, त्याच्या दारात मी उभा असतो. लोक माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. मांजर तिरळी का, हे मात्र आजवर कुणी विचारलेले नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला आणि बालपण पुलापलीकडच्या टेकड्यांवर, डोल्चिनी नावाच्या म्हाताऱ्या गवळ्याच्या गोठ्यात गेले. पहाटे धारोष्ण दूध माझ्यात पडायचे आणि माझे पोट गरम व्हायचे. ते सुख मी कधी विसरणार नाही. पुढे दुधाच्या मोठ्या टाकीगाड्या आल्या. आम्हा कॅनांना गोठ्यामागे उलटे घालून ठेवले आणि कोंबड्या आमच्यावर बसून वाट्टेल ते करू लागल्या. काम गेले की मानही जातो, मित्रांनो, आणि कोंबडीला तर कुणाच्याच मानाची पर्वा नसते.

तिथून मला लोर्नाने सोडवले. वीस-एकवीस वर्षांची लांब वेणीची मुलगी, पायात वहाणाही नव्हत्या. डोल्चिनीने तिला आपादमस्तक न्याहाळले.

"काय करणार गं याचं?"

"रस्सा भरणार, काका. पार्कात फुकट वाटणार."

"फुकट? आणि तुझ्या बापाला माहीत आहे का हे?"

"बाप बोलत नाही माझ्याशी."

म्हातारा पुटपुटत आत गेला आणि मला तर दिलेच, वर बटाट्यांचे एक पोतेही दिले.

त्या उन्हाळ्यात हेट रस्त्यावर देशभरातून पोरे लोटली होती. कुणी लढाईवर जायला नको म्हणून पळालेले, कुणी बापाच्या शिस्तीला कंटाळलेले, कुणी नुसतेच गाण्याच्या मागे आलेले. गळ्यात मणी, केसांत फुले आणि पोटात कावळे! लोर्ना आणि तिच्या मैत्रिणी सकाळी बाजारातली उरलीसुरली भाजी मागून आणत, मोठ्या पातेल्यांत रस्सा शिजवत आणि तो माझ्यात ओतून मला पार्काच्या चिंचोळ्या पट्ट्यात, निलगिरीच्या झाडांखाली नेत.

तिथली रीत मोठी गमतीची होती. वाडगा आणि चमचा ज्याचा त्याने आणायचा. वाढून घेतले की आपला चमचा माझ्या पोटावर एकदा वाजवायचा आणि मगच बाजूला व्हायचे. मी भरलेला असलो की 'धप्' असा आवाज येई. रस्सा खाली जाऊ लागला की आवाज उघडा व्हायचा, आणि तळ जवळ आला की मी 'टण्ण' वाजायचो. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळायचे की आता किती उरले आहे. मग पुढची पोरे आपणहून म्हणायची, "ए, मला अर्धाच वाढ. मागे पोरवाली बाई उभी आहे." त्यांना हे कुणी शिकवले नव्हते. मला मात्र त्या 'टण्ण'ची धास्ती वाटायची. तो आवाज म्हणजे संपले, कुणीतरी उपाशी राहिले.

त्याच रांगेत थॅड असायचा. उंच, हडकुळा, खांदे सदा हलते. चमचा एकदा वाजवायचा असतो हे त्याला कधी पटले नाही. तो दोनदा, तीनदा, मग ताल धरून वाजवायचा. रांग डोलू लागायची आणि लोर्ना ओरडायची, "अरे, रस्सा सांडतोय! हात आवर!" पण तिचे डोळे हसत असत. मी जवळून पाहिले आहे.

आणि मग एके दिवशी या गुणी मंडळींनी माझ्यावर प्रेम करायचे ठरवले. थॅड आणि त्याचे दोघे मित्र मला सकाळीच झाडांखाली घेऊन गेले आणि रंगांचे डबे उघडून बसले. फुले झाली, मासे झाले. मांजर काढताना कुणीतरी विनोद केला आणि तिचा एक डोळा हसण्यात घसरला. तेवढ्यावर थांबावे की नाही? पण थॅडने माझ्यात डोकावून पाहिले आणि तो हळहळला.

"बिचाऱ्याच्या पोटात केवढा अंधार आहे रे!"

झाले. त्यांनी मला आतूनही रंगवले. तळाला मोठा पिवळा सूर्य काढला.

दुपारी लोर्ना उकळत्या रश्श्याची पातेली घेऊन आली, झाकण उघडले आणि तिच्या नाकात रंगाचा भपकारा गेला.

"थॅड! हे काय केलंस?"

"सूर्य आहे, लोर्ना. बघ ना आत."

"सूर्य खाणार का ही माणसं? अक्कल गहाण टाकलीस काय? एवढं एक भांडं होतं आपल्याकडे, त्याचं वाटोळं केलंस! चल, हो बाजूला."

सगळ्या रांगेसमोर बोलली ती. थॅडचा चेहरा पडला. त्या दिवशी रस्सा बादल्यांतून आणि कुणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या न्हाणीच्या टबातून वाटावा लागला. बाळ शेजारीच बसून आपल्या टबाकडे संशयाने बघत होते.

माझे काम दुसऱ्यांदा गेले. पण थॅडने मला टाकले नाही. दोन लाकडी डाव घेऊन तो मला वाजवू लागला. रिकामा होतो ना, घुमत छान होतो! तळघरात त्याच्या टोळक्याची तालीम चाले, रविवारी हिरवळीवर गाणी होत, आणि मी त्यांच्यामध्ये बसून टणटणत असे. लोक नाचायचे. मला आनंद होई, नाही कशाला म्हणू? पण गर्दीत लोर्ना दिसली की माझा आवाज मलाच टोचायचा. ती थॅडशी हसून बोलायची, तरी आधीचे हसू ते नव्हते. पुढे हिवाळा आला, पोरे पांगली, आणि थॅड मला जुन्या कपड्यांच्या दुकानात ठेवून उत्तरेकडे मेंढ्या पाळायला गेला. तिकडेच वारल्याची बातमी फार वर्षांनी आली. मी दुकानात छत्र्या सांभाळत राहिलो.

लोर्ना इथेच राहिली. जन्मभर इस्पितळात परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर ती रविवारी पाहुण्यांना हा मोहल्ला पायी हिंडवू लागली. थॅडचे तळघर, भित्तिपत्रके छापणाऱ्याचे दुकान, हिरवळीची टेकडी, आणि शेवटी मी. दुकानाचे मालक हागोप यांनी माझ्या मानेत पाटी अडकवली होती : 'हात लावू नये.' लोर्ना माझ्याशेजारी उभी राहून रांगेची, चमच्यांची, तालाची गोष्ट सांगायची. आतल्या सूर्याबद्दल मात्र चकार शब्द काढत नसे. तिचे शेवटचे वाक्य ठरलेले : "त्या उन्हाळ्यात या रस्त्यावर कुणी उपाशी झोपलं नाही." मग टाळ्या.

दुकानाच्या पायरीला टेकून ओपल नावाची एक तरुणी बसायची. घर नाही, दार नाही, सोबत एक म्हातारा कुत्रा. लोर्नाची गोष्ट ऐकून ऐकून तिला तोंडपाठ झाली होती. एका रविवारी धुके इतके थंड होते की माझ्या पत्र्याला घाम सुटला होता. लोर्नाचे शेवटचे वाक्य झाले, टाळ्या झाल्या, आणि पायरीवरून आवाज आला.

"बाई, गोष्ट झकास आहे. रस्सा कुठंय?"

पाहुणे हसले. मग ओपलकडे नीट पाहिल्यावर त्यांचे हसू मावळले.  लोर्ना त्यांना तिथेच सोडून निघून गेली.

पुढचा रविवार आला नि गेला. त्यापुढचाही. हागोप मला काचेच्या कपाटात ठेवायचे म्हणत होते, आणि मी मनाशी म्हटले, बाबा रे, आटोपले आता.

पण त्यानंतरच्या रविवारी लोर्ना आली. भाजीच्या ढकलगाडीवर स्टीलचे एक भले मोठे पातेले, झाकणाला फडके बांधलेले.

"हागोप, हा कॅन हवाय मला."

"अहो बाई, आत रंग आहे! विषबाधा करायची आहे का कुणाला?"

"त्यात काही ओतत नाही मी. तुम्ही धरा एका बाजूने."

आम्ही त्याच निलगिरींखाली गेलो. लोर्नाने पातेले उघडले. तोच वास! बटाटे, कांदा, थोडे मांस. पण येईना कुणी. येणारे-जाणारे बघत, विकायला आहे की काय म्हणत पुढे जात. झाडांखाली गोधड्या पांघरून बसलेली माणसे दुरूनच पाहत होती. ओपल मात्र आली होती.

"अहो, बोलवा की त्यांना. कळणार कसं?"

"मला ओरडवत नाही गं आता."

"मग हे आणलंय कशाला?" ओपलने माझ्याकडे बोट केले.

लोर्नाने लाकडी डाव उचलला. क्षणभर तो माझ्यावर टेकवून ती नुसती उभी राहिली. मग तिने वाजवला. टण्ण! मित्रांनो, मी लाजेने अर्धा झालो. आयुष्यभर त्या आवाजाचा अर्थ एकच होता : संपले. पण तिने पुन्हा वाजवले, मग तीनदा, आणि तिच्या हातात अलगद थॅडचा ताल आला. धुक्यातून तो पार टेकडीपर्यंत गेला असावा. एक गोधडी हलली, मग दुसरी. माणसे उठून येऊ लागली. भरलेला असतो तर एवढ्या लांब ऐकू गेलो असतो का?

वाढण्याचे काम ओपलने घेतले. लोर्ना माझ्यावर वाकली आणि तिने माझ्यात डोकावून पाहिले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा. तळाचा सूर्य फिकटला आहे, पण आहे.

"थॅड," ती हळूच म्हणाली, "मेल्या, बरं झालं रंगवलास. चुकलं माझं."

तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या तळाला पडले. दुधानंतर आणि रश्श्यानंतर माझ्यात पडलेली ती पहिलीच उबदार गोष्ट.

आता दर रविवारी तिची फेरी निलगिरींखाली संपते आणि पाहुण्यांनाही रांगेत उभे राहावे लागते. मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखे कुणी पडले असेल. त्याला पुसा, त्याची गोष्ट सांगा. पण एवढ्यावर भागवू नका, त्याला काहीतरी काम द्या. जुने काम जमले नाही तर दुसरे शोधा. आम्ही कुरकुर करू, पण करू.

आणि कधी हेट रस्त्यावर आलात तर मला जरूर भेटा. माझ्या मानेतली पाटी ओपलने उलटी केली आहे आणि मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'चमचा घेऊन या.'