नवमीला उघडलेला नट

खंडेनवमीच्या सकाळी उत्तरेश्वर ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता आणि ट्रॅक्टरच्या पोटातून चहा गळत होता.

चहाच म्हणायचा. दाट, दुधाचा, वर फेस आलेला. तेल कसं काकवीसारखं यायला हवं, हे त्यानं मोबाइलवर तीनदा बघितलं होतं. व्हिडिओतल्या माणसाचं तसंच आलं होतं. शिवाय त्या माणसाच्या अंगात पांढरा शर्ट होता आणि तो शेवटपर्यंत पांढराच राहिला होता.

ट्रॅक्टर वडिलांचा, नानासाहेबांचा. बेंबळीच्या शिवारात पंचेचाळीस वर्षं राबलेला. पोरांनी स्टिअरिंग धरायचं, झाकणं उघडायची नाहीत, असा नानांचा कायदा. स्वतः मात्र खाली शिरायचे, तासभर खुडबुड करायचे, आणि कोणी विचारलंच तर खालून एकच उत्तर यायचं, "काय न्हाय, नट बघतोय." नाना जाऊन दोन वर्षं झाली. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी उत्तरेश्वरला ट्रॅक्टर मिळाला. त्याचं कुठलं झाकण कशाचं, ते मात्र नाना सोबत घेऊन गेले.

महिनाभर गिअर टाकला की ट्रॅक्टर असा ओरडायचा की शेजारच्या रानातली माणसं काम थांबवून बघायची. लातूरला नोकरीला असलेल्या धाकट्या भावानं, कृष्णराजनं, फोनवरच निकाल दिला होता. दसऱ्याला येतो, भंगारवाल्याला घेऊनच येतो. जागचा हलला तर तुझा, न हलला तर त्याचा. दसरा उद्या होता. ज्वारीचं रान वाफशावर, पेरणीजोगं आलेलं, आणि गावातला भाड्याचा प्रत्येक ट्रॅक्टर पुढचे आठ दिवस दुसऱ्याला कबूल झालेला. हा गेला तर यंदाची ज्वारीही गेली. म्हणून उत्तरेश्वरनं तेलं बदलायला घेतली. पहिला नट उघडला, काळं तेल आलं, नवं भरलं, काही बिघडलं नाही. तिथंच त्याचा आत्मविश्वास वाढला आणि त्यानं दुसरा नट उघडला.

चहाचा फोटो त्यानं भावाला पाठवला. उत्तर लगेच आलं. पाणी शिरलंय, इंजिन संपलं, उद्या दोरखंड आणतो.

आधी नट तरी लावू, म्हणून उत्तरेश्वरनं हात लांबवला, तर पान्हा जागेवर नव्हता.

पान्हा पाटावर होता. माय, म्हणजे सत्यभामाबाई, घरातली सगळी हत्यारं मांडून बसली होती. विळे, खुरपी, कुऱ्हाड आणि नानांचे पान्हे. त्यांतला एक कमी भरत होता, तो तिला ट्रॅक्टरजवळ सापडला. आता त्याला हळदकुंकू लागलं होतं आणि डोक्यावर झेंडूचं फूल होतं.

"माय, तेवढा पान्हा दे."

"उद्या उचल. आज त्येंचा दिवस हाय."

"नट उघडा पडलाय, माय."

"मंग आज त्यालाबी आराम."

गावातल्या दोन्ही गॅरेजांत तो पळत जाऊन आला. दोन्हीकडं पान्हे पूजेला बसलेले. एकीकडं पेढा मिळाला, दुसरीकडं नारळाचा तुकडा, आणि दोन्हीकडं सहानुभूती भरपूर. उरले नागसेनदादा, घरीच ट्रॅक्टर दुरुस्त करणारे आणि तेलाचे डबे विकणारे. त्यांच्या घरी पान्ह्यांना सुट्टी नसे. सुट्टी त्यांना स्वतःला होती. पांढरे कपडे घालून ते नागपूरला, दीक्षाभूमीला निघाले होते. जीप बाराला येणार होती आणि अकरा वाजून गेले होते.

उत्तरेश्वरनं काय सांगितलं ते त्याचं त्यालाही आठवत नाही. पेढा अजून हातातच होता, एवढं नागसेनदादांना दिसलं. त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, पान्हा आणि गिअर ऑइलचे दोन डबे उचलले आणि निघाले.

ट्रॅक्टरखाली त्यांनी त्या चहात बोट बुडवलं.

"इंजिन गेलं म्हणून कोण बोललं?"

"कृष्णराज."

"त्याला म्हणावं तू लातूरलाच बरा. ही गिअर-पेटी हाय. इंजिनाचा अन् हिचा काय संबंध न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "नाना दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी हे तेल बदलायचे. दर साली. म्या म्हणायचो, नाना, अजून दोन वर्ष चालंल. ते हसायचे अन् डबा घेऊन जायचे. तुमी दोन सालं बदललंच न्हाय, व्हय?"

पेटी डिझेलनं धुतली. नट बसला. एका डब्यात काम भागलं. ट्रॅक्टर सुरू झाला, गिअर पडला, आणि इतकं शांत वाटलं की उत्तरेश्वर घाबरून खाली उतरला. जीपचा हॉर्न वाजला. दुसरा डबा परत देऊ लागला तर दादा म्हणाले, राहू दे, दसरा हाय.

तो हात धूत होता तेव्हा माय आरती घेऊन आली. ट्रॅक्टरला कुंकू लावलं, नारळ फोडला. मग तुळजापूरचं तीर्थ भरलेला पेला घेतला, आणि गिअरच्या दांड्यामागचं झाकण अशा सहजतेनं फिरवायला लागली, जणू घरातली लोणच्याची बरणी आहे.

उत्तरेश्वर ओल्या हातांनीच पळत आला.

"माय, हे कवापासनं?"

"घेतला तवापासनं. त्याला तोंड हाय, अन् आपण निस्तं कपाळ पुजायचं व्हय?"

नानांना हे ठाऊक होतं का, असं त्यानं कसंबसं विचारलं.

"तेच तर झाकण धरायचे. दोन सालं झाली, माझं म्याच उघडते."

झाकणाखाली नवं तेल मधासारखं चमकत होतं. उद्या भाऊ, भंगारवाला आणि दोरखंड. एक वाक्य बोललं की काम झालं असतं. तेवढं वाक्य नानांनी जन्मभर तोंडातून काढलं नव्हतं.

"थांब," तो म्हणाला, "म्या धरतो."

यंदा ट्रॅक्टर आजारी होता म्हणून तिनं दोन पेले घातले. त्या रात्री उत्तरेश्वर झोपला असं म्हणता येणार नाही.

दसऱ्याला सगळे आले. त्यानं डोळे मिटून क्लच सोडला. ट्रॅक्टर हलला, अंगणाला दोन फेऱ्या मारून रानाकडं तोंड करून उभा राहिला, ओरडला नाही. भंगारवाल्यानं आपट्याचं पान घेतलं, दोरखंड परत गाडीत टाकला आणि चहा मागितला.

"तीर्थाचा गुण," माय कृष्णराजला म्हणाली. त्यानं भावाकडं बघितलं. उत्तरेश्वर कपातल्या चहाकडं बघत होता. तो त्याला काही केल्या पिववेना.

दुसऱ्या दिवशी, पेरणीला निघायच्या आधी, तो दुसरा डबा घेऊन खाली शिरला. पान्ह्यावर अजून कुंकू होतं. नट सैल झाला आणि बादलीत ओळखीचा रंग उतरायला लागला.

"काय करायलास रे?" वरून मायचा आवाज आला.

"काय न्हाय, माय. नट बघतोय."