मिस वर्नाची तारीफ

केंटकीच्या डोंगरातल्या एका छोट्या कॉलेजात आम्ही दोघं नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स मान्यतेसाठी तपासायला गेलो होतो, मी आणि हॉलिस. मीसुद्धा अशाच एका आडगावच्या कॉलेजात शिकवते, त्यामुळे तपासनीस म्हणून मिरवणं मला कधी जमलं नाही. आमचा शेरा वाईट गेला की वरचं मंडळ नवे प्रवेश बंद करतं. आणि आसपासच्या तीन जिल्ह्यांत नर्स व्हायला दुसरी जागा नव्हती.

कोर्सच्या प्रमुख वर्ना कूम्स. साठीच्या, बोलणं मोजकं. "दुसऱ्या बाई रजेवर आहेत," एवढंच त्या म्हणाल्या. शिकवण्यापेक्षा हॉस्पिटलात पगार जास्त, त्यामुळे असल्या रजेवरून कुणी परत येत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मी खोदत बसले नाही.

दुपारी विद्यार्थ्यांची बैठक होती. पोरांनी मोकळं बोलावं म्हणून तिथे शिक्षकांना बसू देत नाहीत. सगळी पढवल्यासारखी "छान आहे, छान आहे" करत होती. मला तेवढंच हवं होतं. तेवढ्यात टॅबिथा नावाची मुलगी उठली.

"नुसतं छान काय म्हणता! नीट सांगा की," तिने वर्गालाच झापलं. "मॅडम, मिस वर्ना एकट्या आम्हा सगळ्यांना सांभाळतात. अर्धे आम्ही हॉस्पिटलात, अर्धे रस्त्यापलीकडच्या वृद्धाश्रमात. त्या दिवसभर इकडून तिकडे पळतात, धड जेवतसुद्धा नाहीत. मी पहिल्यांदा इन्सुलिन दिलं ना, तेव्हा त्या पलीकडे वृद्धाश्रमात होत्या. पण फोन नाही ठेवला! सुई टोचून होईपर्यंत माझ्याशी बोलत होत्या. अशी बाई दुसरीकडे दाखवा मला!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. हॉलिसचं पेन चालू झालं. गप्प बस गं बाई, असं ओरडावंसं वाटलं मला. शिक्षिका शेजारी नसताना शिकाऊ मुलीने सुई टोचायची नाही, हा नियम मोडला तर आमच्याकडे माफी नाही.

"हॉलिस, हे नको लिहू या," बाहेर आल्यावर मी म्हणाले.

"आणि डोस चुकला असता तर? तो पेशंट तुझा बाप असता तर?"

चीड खूप आली, पण काढायची कुणावर?

दुसऱ्या दिवशी निष्कर्ष वाचून दाखवायचे होते. वाचणाऱ्याने प्रश्न घ्यायचे नाहीत, सल्ला द्यायचा नाही, धीरसुद्धा द्यायचा नाही. ते काम माझ्याच गळ्यात पडलं. इन्सुलिनच्या वाक्याला वर्नाबाईंनी डोळे मिटले. कोण बोललं असेल ते त्यांना कळलंच. रिकामी जागा भरायला पैसे नाहीत म्हणणारे कॉलेजचे अध्यक्ष खिडकीबाहेर बघत बसले.

वाचन संपवून बाहेर पडलो, तर दारातच टॅबिथा उभी होती. "मिस वर्ना, काल मी तुमची इतकी तारीफ केली म्हणून सांगू! माझ्या बहिणीनेपण अर्ज भरलाय, पुढच्या वर्षी ती तुमच्याच हाताखाली. बरोबर बोलले ना मी?"

वर्नाबाईंनी तिची वळलेली कॉलर सरळ केली. "बरोबर बोललीस, बाळा. झालं तेच सांगितलंस."

मग ती पोर माझ्याकडे वळली. "मॅडम, मिळेल ना आम्हाला मान्यता?"

मला यावर बोलायची परवानगी नाही, असं मी म्हणाले. त्या नियमाचे इतके उपकार मला आजवर कधी वाटले नव्हते.