उघडी राहिलेली कळ

मित्रांनो, घाटाच्या पायथ्याशी कुंपणावर टांगलेली, पिवळ्या रंगाने माखलेली जुनी सायकल तुम्ही पाहिली असेल. ती मी. जुलैत फ्रान्सची मोठी सायकल शर्यत या घाटात येते तेव्हा लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. मी मात्र कधीच कुठल्या शर्यतीत पळाले नाही.

एका छोट्या कारखान्यात माझा पोलादी सांगाडा जोडला गेला आणि फिर्मिन नावाच्या बेकरीवाल्याने मला घेतले. दर रविवारी तो मला जुन्या सदऱ्याने पुसायचा. "हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं," असे बायकोला, सोलांजला, सांगायचा. मी लाडावले होते, खोटे कशाला बोलू?

एका सप्टेंबरात दोघे पिरेनीज पर्वतात सायकल सहलीला निघाले. दोन्ही बाजूंना पिशव्या लादलेल्या. घाट सुरू होताच मी खड्ड्यात आदळले आणि माझे पुढचे चाक आऊट झाले, म्हणजे वाकडे फिरू लागले. चाकाची कड, म्हणजे रिम, ब्रेकच्या रबराला घासू लागली. चीं, चीं, चीं.

फिर्मिन धापा टाकत उतरला. "बघ कशी कण्हतेय!"

"दुकानात दाखवू या ना," आपल्या सायकलवरून सोलांज म्हणाली.

"दुकान घाटापलीकडे आहे. तोवर हा ब्रेक माझा जीव घेईल."

त्याने पुढच्या ब्रेकवरची छोटी कळ वर केली. रबरे रिमपासून दूर सरकली. चढावर असे बरेच जण करतात. चढताना ब्रेक लागतो कुणाला?

"माथ्यावर आठवणीने खाली कर रे बाबा."

"हो, मास्तरीणबाई!"

मी हलकी झाले, तो शीळ घालू लागला. मला मात्र भीती वाटू लागली. चीं-चीं हीच माझी बोली होती आणि ती बंद झाली होती. वळणामागून वळण येत होते. त्याचा घाम माझ्या हँडलवर ठिबकत होता, गिअर संपले होते. गाईंच्या घंटा खाली राहिल्या आणि धुके अंगावर आले. प्रत्येक वळणागणिक माझ्या मनात एकच येत होते, जितके चढतोय तितकेच उतरायचे आहे.

माथ्यावर पाऊस लागला. सोलांज बऱ्याच वेळाने पोहोचली ती कुडकुडतच. तिचे ओठ निळे पडले होते.

"अगं, हात बर्फ झालेत तुझे!" फिर्मिनने आपले जाकीट तिला घातले, तिचे हात चोळले. वारा अडवायला स्वतःच्या सदऱ्यात त्याने नुसते वर्तमानपत्र कोंबले. "चल, खाली गरम सूप पिऊ. माझ्या मागोमाग ये."

तिच्या काळजीत तो माझी कळ विसरला. थंडीने तीही विसरली.

पहिल्या वळणावर त्याने पुढचा ब्रेक दाबला. दांडी हँडलला टेकली, पण रबर रिमपर्यंत पोहोचलेच नाही. मागच्या ब्रेकने मी जीव तोडून धरले, पण ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरत गेले. सोलांज वळणावर आली तेव्हा तिला नुसता रस्ता दिसला.

फिर्मिन दरीत कोसळून गेला. दरीतून मला वर काढले त्या संध्याकाळी सोलांजने माझी कळ स्वतःच्या हाताने खाली केली. आता सोलांज इथेच राहते. दरवर्षी मला रंग देते, पण आधी त्या कळीवर बोट ठेवून बघते.

मित्रांनो, माझ्यासोबत फोटो खुशाल काढा. पण उताराला लागण्यापूर्वी थांबा, ब्रेक दाबून पाहा. तुमच्या सायकलला कळत असते, पण सांगता येत नाही.

माझा ब्रेक आता अगदी छान लागतो.