तिसऱ्या सिलिंडरचा काटा

घरोघरी वायरिंग करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पटवून देणं महाकठीण, की प्रत्येक तार ही नुसती तार नसते. आणि या बाईला तर ते कोण सांगणार? निम्म्या गावाच्या भिंतींतल्या तारा तिच्या हातच्या. घरचे तिला ठिणगी म्हणायचे, कारण लहानपणी तिनं प्लगच्या भोकात आईची हेअरपिन खुपसली होती, आणि झटका खाऊन पडल्यावर रडायचं सोडून विचारलं होतं, "परत करू?"

तर ही ठिणगी त्या दिवशी सकाळी वडिलांच्या जुन्या गाडीच्या मागच्या झाकणात डोकं घालून उभी होती. गाडीचं इंजिन मागे, पाण्याचा रेडिएटर नाहीच, सगळा कारभार पंख्याच्या वाऱ्यावर. असलं इंजिन तापलं तर ते सांगायला समोर एक काटासुद्धा नव्हता. आजवर बाबा डोंगराचा चढ लागला की निम्म्यावर थांबायचे, झाकण उघडायचे आणि इंजिन निवेपर्यंत आईशी भांडत बसायचे. पण आता थांबायला सवड नव्हती. आई डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला आपल्या घरात मरायचं होतं, एवढी एकच गोष्ट ती आता मागत होती. अँब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणाली, "त्या डब्यात आडवी पडून नाही येणार. आपल्या गाडीतून, बसून येणार." आईपुढे कुणाची मात्रा चालली आहे का कधी?

म्हणून हा काटा आणला होता. काटा खाली असेल तर चढावर न थांबता जायचं, उगाच वेळ घालवायचा नाही. तिसऱ्या सिलिंडरला वारा सगळ्यात कमी मिळतो, तेलाचा कूलर मध्ये येतो, म्हणून तोच आधी तापतो. ठिणगीनं त्याचा स्पार्क प्लग काढला, प्लगखालचा वॉशर काढून त्या जागी काट्याची उष्णता मोजणारी कडी बसवली आणि प्लग परत आवळला. कडीपासून निघालेली तार डॅशबोर्डपर्यंत न्यायची होती. ती हातभर कमी पडली.

तिनं दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, लांब तार मागवावी लागेल, आठवडा जाईल. पण ही तोडून जोडू नका. ही वेगळ्या धातूंची आहे. हिचं दुसरं टोक थंड जागीच राहायला हवं."

आठवडा! आईकडे आठवडा कुठून आणायचा? आणि दुकानदार काय, नवीन विकायलाच बसलेला. ठिणगीनं तार हात सहज पोचत होता तिथे, इंजिनाजवळच तोडली, तिथून पुढे डॅशबोर्डपर्यंत घरच्या वायरिंगची चांगली तांब्याची तार जोडली, कथलाचा डाग दिला, वर नळी चढवली. जोड इतका सुबक, की बघत राहावं. गल्लीतून एक चक्कर मारली तर काटा हळूहळू, शहाण्यासारखा वर आला. बाबा खूश झाले. "पोरगी हुशार आहे माझी," ते शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले.

हॉस्पिटलकडे जाताना बाबा जुन्या सवयीनं चढावर निम्म्यात थांबलेच. दुपारी आईला मागच्या सीटवर उशांच्या आधारानं बसवलं आणि गाडी घराकडे निघाली. चढ लागला तसं बाबांनी काच खाली केली आणि नाक वर करून हुंगलं.

"वास येतोय," ते म्हणाले. "थांबतो जरा."

"बाबा, काटा बघा की. हिरव्या पट्ट्यातच आहे," ठिणगी म्हणाली. "उगाच थांबू नका. आईला धाप लागलीये."

बाबांनी काट्याकडे पाहिलं, आरशातून आईकडे पाहिलं आणि काच वर केली. पुढच्या दोन वळणांवरही त्यांनी हुंगलं, पण बोलले नाहीत. मग मागून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, गाडीला हिसका बसला आणि इंजिन जागच्या जागी अडकलं. काटा तेव्हाही हिरव्यातच होता.

ठिणगीनं झाकण उघडलं तर तोंडावर भट्टीची झळ आली. तिनं सवयीनं पहिला हात आपल्या तारेच्या जोडाला लावला आणि चटका बसून मागे घेतला. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या तारेच्या दोन टोकांच्या उष्णतेतला फरक तेवढाच काट्याला कळतो. एक टोक सिलिंडरवर, दुसरं थंड डॅशबोर्डपाशी असायला हवं. हिनं ते दुसरं टोक इंजिनाच्या शेजारी, या भट्टीत आणून ठेवलं होतं. फरक कमी झाला, काटा खाली राहिला. दुकानदार अगदी हेच सांगत होता, आणि हिला वाटलं, माल खपवतोय.

अँब्युलन्स बोलावली. ती डोंगर चढून यायची होती. बाबा आईचा हात धरून मागे बसले.

"किती राहिलं हो?" आईनं विचारलं.

"आलंच."

"आलंच आलंच करता तुम्ही," ती म्हणाली, आणि मग तिला बोलायला श्वास पुरेना. अँब्युलन्सचा भोंगा खालच्या वळणावर ऐकू आला तेव्हा ती गेलेली होती.

ठिणगी दाराशी उभी होती. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ना, तसं तिला झालं होतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. जुनं इंजिन, कुणी विचारलंही नसतं. पण तिच्यानं राहवेना.

"बाबा, काटा खोटा होता. तार मी तोडली. दुकानदार नको म्हणत असताना तोडली. इंजिन तापलं होतं."

बाबांनी आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. त्यांनी ठिणगीकडे पाहिलं नाही.

"मला ठाऊक होतं तापलंय ते," ते म्हणाले. "पहिल्या वासालाच कळलं होतं. इतकी वर्षं चालवतोय, मला नाही कळणार? पण तू म्हणालीस काटा बघा, आणि मलाही तिला लवकर न्यायचं होतं, म्हणून मी काट्याचं ऐकलं."

ठिणगी रडायला लागली. बाबांनी तिला रडू दिलं.

"तुला दोष नाही देत," ते म्हणाले. "चाक माझ्या हातात होतं. पण आज माझ्याशी बोलू नकोस. उद्या बघू."